लहान मोटारमालकाने स्वयंचलन कोणत्या क्रमाने आणावे: पुणे परिसरासाठी एक कार्यपद्धती

चाकण, रांजणगाव, तळेगाव आणि भोसरी या पट्ट्यातील कारखान्यांचा माल वाहणाऱ्या मोटारमालकांकडे गेल्या काही वर्षांत नव्या अटी येऊ लागल्या आहेत. गाडी कुठे आहे ते ग्राहकाला मोबाइलवर दिसले पाहिजे, फाटकावर येण्याची वेळ आधी नोंदवली पाहिजे, माल पोहोचल्याची पावती त्याच दिवशी संगणकावर चढली पाहिजे आणि खोक्यांवर कारखान्याने ठरवलेल्या नमुन्याचे लेबल असले पाहिजे, असे त्यांचे स्वरूप असते. त्याच सुमारास विक्रेते येतात ते मालाचे रॅक स्वतःहून उचलून नेणाऱ्या यंत्रांच्या चित्रफिती घेऊन. पाच-दहा गाड्या आणि वाघोली किंवा फुरसुंगीला भाड्याचे एखादे गोदाम असलेल्या व्यावसायिकाला यांतले काही तरी घ्यावेच लागणार आहे, हे त्याला कळलेले असते. आधी काय घ्यावे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

प्रस्तुत लेख त्या क्रमाविषयी आहे. जिथे गाडी किंवा पैसा थांबून राहतो तिथे आधी खर्च करावा, असे त्याचे सूत्र आहे. पुणे परिसरात ही थांबण्याची ठिकाणे बहुधा कारखान्याच्या फाटकाशी आणि पोहोच-पावतीपाशी सापडतात, महामार्गावर त्या मानाने कमी. गोदामातील यंत्रमानव या क्रमात अगदी शेवटी येतो, आणि कित्येकांच्या बाबतीत तो येणारही नाही.

सुरुवात मोजमापापासून

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी महिनाभर प्रत्येक फेरीच्या वेळा लिहून काढाव्यात. गाडी लावण्याचा निरोप केव्हा आला, गाडी फाटकावर केव्हा पोहोचली, आत केव्हा घेतली, भरून केव्हा निघाली, मुक्कामी केव्हा पोहोचली, खाली केव्हा झाली, पोहोच-पावती कार्यालयात केव्हा आली, भाड्याचे बिल केव्हा गेले आणि पैसे केव्हा जमा झाले, एवढ्या नोंदी पुरतात. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. चालकाने फाटकावर पोहोचल्यावर आणि तेथून निघताना एकेक छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावे आणि कार्यालयातील माणसाने संध्याकाळी त्या वेळा स्प्रेडशीटमध्ये भराव्यात. चालकाकडून लेखी तक्ता भरून घेण्याचा हट्ट धरू नये, कारण तो तक्ता महिनाअखेरीस एका बैठकीत भरला जातो आणि त्यातील वेळा कमालीच्या गोल असतात.

महिन्याच्या शेवटी जे चित्र दिसते ते अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळे असते. चाकणहून न्हावा शेवाला जाणारी गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर अंतर कापायला जेवढा वेळ घेते, त्याहून अधिक वेळ ती भरण्यासाठी किंवा खाली होण्यासाठी उभी असल्याचे आढळू शकते. पैशांच्या बाजूने पाहिले तर पावती हाती येण्यात आणि ती ग्राहकाच्या लेखा विभागाने मान्य करण्यात आठवडे गेलेले दिसतात. असे असताना डिझेलचे दोन टक्के वाचवणाऱ्या उपकरणावर पहिला खर्च करणे शहाणपणाचे नाही. अर्थात ज्याच्या गाड्या बाजार समितीतून निघून शहरातील दुकानांना माल टाकतात, त्याचा तक्ता निराळा असेल आणि त्याचा क्रमही निराळा राहील. म्हणूनच दुसऱ्या मोटारमालकाने काय घेतले, यापेक्षा स्वतःचा तक्ता काय सांगतो याला महत्त्व द्यावे.

कागद: जे सक्तीचे आहे त्याचाच उपयोग करून घेणे

वाहतुकीच्या कागदपत्रांचे संगणकीकरण शासनाने आपल्यासाठी बरेचसे करून ठेवले आहे, पण बहुतेकजण ते दंड टाळण्यापुरतेच वापरतात. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला आणि आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल (वाटेत मालासोबत लागणारा ऑनलाइन दाखला) १ एप्रिल २०१८ पासून आले. आंतरराज्य वाहतुकीत मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ते लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे. बिलाचा ‘अ’ भाग माल पाठवणारा भरतो आणि गाडीचा क्रमांक असलेला ‘ब’ भाग बहुधा वाहतूकदाराकडे येतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या वाहतूकदारालाही ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून १५ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक घेता येतो. तो घेतलेला नसेल तर आजच घ्यावा, कारण पुढील सर्व गोष्टी त्या क्रमांकाला जोडल्या जातात.

ई-वे बिलाच्या मुदतीचा हिशेब चालकावर सोडू नये. जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला, किंवा त्याच्या कोणत्याही भागाला, एक दिवस मिळतो. पुणे ते नागपूर हे अंतर ७०० किलोमीटरच्या थोडे पुढे जाते, म्हणजे चार दिवस मिळतात, आणि पहिला दिवस बिल तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. मुदतवाढ मागता येते ती मूळ मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच. खंबाटकी घाटात गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर ती गाडी हलण्यापूर्वी ‘ब’ भागात नवा क्रमांक भरावा लागतो. बिलात त्रुटी निघून माल अडवला गेला आणि मालाचा मालक पुढे आला, तर सोडवणुकीसाठी कराच्या २०० टक्के दंड भरावा लागतो, आणि मधल्या काळात गाडी उभी राहते ती वेगळीच. म्हणून सर्व चालू ई-वे बिलांच्या मुदती एका पडद्यावर दिसतील आणि संपण्याच्या आधी मालकाच्या मोबाइलवर सूचना येईल, अशी सोय ही स्वयंचलनातील पहिली खरेदी असावी. बिल्टी (वाहतूकदार माल ताब्यात घेताना देतो तो कागद) बनवण्याच्या बहुतेक संगणक-प्रणालींत ती असते. नसेल तर ती प्रणाली घेऊ नये.

बिल्टी लिहिण्याच्या कामातही एक सोपी वाट आहे. ज्या ग्राहकाची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर आहे त्याला व्यावसायिक खरेदीदाराच्या बिलासाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी संकेतस्थळावर नोंदवलेले बिल) बंधनकारक आहे, आणि त्या बिलावर क्यूआर संकेत छापलेला असतो. त्यात विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि मुख्य वस्तूचा एचएसएन (वर्गवारीचा) क्रमांक एवढे सगळे असते. तो संकेत मोबाइलने टिपून बिल्टीचे रकाने आपोआप भरले गेले, तर हाताने उतरवताना होणाऱ्या चुका जवळजवळ संपतात. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्या गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सीला स्वतःच्या भाड्याच्या बिलासाठी ई-इनव्हॉइसची सक्ती नाही, हेही येथेच लक्षात ठेवावे, कारण ती सक्ती असल्याचे सांगून जादा मॉड्यूल विकणारे भेटतात.

फास्टॅगचा उपयोगही टोल भरण्यापुरता मर्यादित ठेवू नये. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर तो अनिवार्य झाला, आणि प्रत्येक नाक्यावरची वेळ खात्याच्या उताऱ्यात नोंदली जाते. ज्याच्या गाडीत अद्याप जीपीएस नाही त्याला गाडी खेड-शिवापूर कोणत्या वेळी ओलांडून गेली हे या उताऱ्यावरून विनामूल्य समजते. निर्यातीचे कंटेनर वाहणाऱ्यांसाठी अशीच दुसरी सोय आहे. न्हावा शेवा बंदरात २०१६ पासून कंटेनरवर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचली जाणारी चिप) लावून त्यांची हालचाल लॉजिस्टिक्स डेटा बँक या प्रणालीत नोंदवली जाते, आणि कंटेनरचा क्रमांक टाकून ती पाहता येते. निर्यातदाराचा फोन आला की चालकाला फोन लावण्याची सवय यामुळे बरीच कमी होऊ शकते.

पोहोच-पावती

लहान वाहतूकदाराच्या दृष्टीने संपूर्ण विषयातील सर्वांत मोलाची जागा हीच आहे, म्हणून येथे थोडे थांबू. प्रचलित पद्धतीत माल खाली झाल्यावर बिल्टीच्या प्रतीवर सही-शिक्का घेतला जातो, ती प्रत चालकाच्या डॅशबोर्डवर फिरते, परतीचा माल मिळाला तर इंदूर किंवा हुबळीहून वळसा घेऊन येते, कधी पावसात भिजते, आणि त्यानंतर भाड्याचे बिल तयार होते. गाडीने आपले काम केव्हाच पुरे केलेले असते. अडकलेला असतो तो एक कागद.

याच्या जागी मोबाइलवरील पावती आणताना चार गोष्टी त्या पावतीत असाव्यात: सही-शिक्क्यासह बिल्टीचे स्पष्ट छायाचित्र, ते घेतल्याचे ठिकाण व वेळ, माल घेणाऱ्याच्या मोबाइलवर गेलेल्या ओटीपीची नोंद, आणि तूट-फूट असल्यास खोक्यांची वेगळी छायाचित्रे. शेवटची गोष्ट चालकांना कटाक्षाने शिकवावी. पावतीवर ‘दोन खोकी ओली’ असा शेरा पडल्यावर ती कोणत्या अवस्थेत होती, हे दाखवणारा पुरावा नसेल तर भाड्यातून कापली जाणारी रक्कम ग्राहक ठरवतो. रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार मालाच्या नुकसानीबद्दल वाहतूकदारावर दावा लावण्यापूर्वी, माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून ही छायाचित्रे निदान तेवढा काळ, आणि दाव्याची शक्यता असेल तर त्याहून अधिक काळ, जपून ठेवावीत. मोबाइलची गॅलरी हे त्यासाठीचे ठिकाण नव्हे.

तांत्रिक भाग सोपा आहे. अवघड आहे ते ग्राहकाकडून मान्यता मिळवणे. अनेक कारखान्यांचा माल विभाग मोबाइलवरची पावती आनंदाने पाहतो, पण लेखा विभाग मूळ कागदाशिवाय बिल घेत नाही, आणि मग दोन्ही पद्धती एकाच वेळी चालवण्याची वेळ येते. म्हणून अ‍ॅप घेण्याच्या आधी दरकरारात एक ओळ घालून घ्यावी: पावतीची डिजिटल प्रत मिळताच बिल स्वीकारले जाईल आणि मूळ कागद त्यानंतर ठरावीक दिवसांत दिला जाईल. करार नूतनीकरणाच्या वेळी भाड्याच्या दरात आठ आण्यांसाठी घासाघीस करण्यापेक्षा ही ओळ मिळवणे अधिक फायद्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावतीवरच्या तारखेला कायद्याचेही बळ आहे. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची देणी लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकती करावी लागतात, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षीचा खर्च म्हणून प्राप्तिकरात दाखवता येत नाही. वाहतूक ही सेवा असल्याने ती यात बसते. दिवस मोजले जातात ते सेवा स्वीकारल्यापासून, आणि सेवा केव्हा स्वीकारली हे वेळ-ठिकाणासह नोंदलेल्या पावतीइतके स्वच्छपणे दुसरे काहीही सांगत नाही. शिवाय मोठ्या कंपन्यांनी मान्य केलेली बिले ‘ट्रेड्स’ या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील मंचांवर वटवून आधी पैसे घेता येतात. ग्राहक तेथे नोंदलेला आहे का, हे एकदा विचारून पाहावे. विचारणारे फार थोडे असतात.

गाडी आणि चालक

जीपीएस उपकरण निवडताना किमतीपेक्षा पुढील गोष्टींची चौकशी अधिक करावी. नेटवर्क गेल्यावर ते नोंदी साठवून नंतर पाठवते का, हे पाहावे, कारण द्रुतगती मार्गावरील भाताण, माडप आणि कामशेतच्या बोगद्यांत आणि घाटातील काही वळणांवर संपर्क तुटतोच. गाडीची बॅटरी काढल्यावर त्याची स्वतःची बॅटरी किती वेळ चालते, सिमकार्ड कोणाच्या नावावर असते, आणि सेवा सोडल्यास मागील सर्व नोंदी आपल्याला फाइलच्या रूपात मिळतात का, याची उत्तरे लेखी घ्यावीत. ग्राहकाच्या प्रणालीला थेट ठिकाण पुरवायचे असेल तर त्यासाठीची जोडणी फुकट आहे की दरमहा वेगळे पैसे आहेत, हेही आधीच विचारावे. अंदाजपत्रकात ही ओळ सहसा दिसत नाही.

उपकरण बसल्यावर त्याचा पहिला उपयोग फाटकावरची प्रतीक्षा सिद्ध करण्यासाठी करावा. नकाशावर कारखान्याभोवती हद्द आखताना एकच वर्तुळ काढले तर बाहेरच्या रांगेतला वेळ त्यात पकडला जात नाही. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याच्या कडेला गाड्या फाटकापासून बऱ्याच अंतरावर थांबतात, म्हणून रांगेची जागा आणि कारखान्याची आतली जागा अशा दोन हद्दी आखाव्यात. गाडी पहिलीत केव्हा शिरली आणि दुसरीत केव्हा गेली यांतील फरक म्हणजे हॉल्टिंगच्या, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशांच्या, मागणीचा आधार. मात्र ग्राहकाशी बोलताना पहिल्याच बैठकीत बिल पुढे करू नये. तीन महिन्यांचा वारनिहाय आणि वेळनिहाय तक्ता दाखवावा. दुपारच्या पाळीबदलाच्या सुमारास गाड्या अडतात असे त्यात दिसले, तर वेळ बदलून घेण्यात दोघांचाही लाभ असतो आणि कित्येकदा हॉल्टिंग मागण्याची गरजच उरत नाही.

डिझेलच्या टाकीतील सेन्सर ही दुसऱ्या फळीची खरेदी आहे. टाकीत उभी बसवलेली कांडी पातळी मोजते, आणि ती पातळी लिटरमध्ये बदलण्यासाठी प्रत्येक टाकी थोडी थोडी भरत स्वतंत्र मापन करून घ्यावे लागते. हे मापन टाळून दुसऱ्या गाडीचे आकडे चिकटवणारा तंत्रज्ञ आला तर त्याला परत पाठवावे. बोरघाटात चढताना इंधन एका बाजूला झुकते आणि आलेख खाली कोसळल्यासारखा दिसतो. अशा वेळी चालकावर चोरीचा आळ घेण्याआधी गाडी सपाटीवर उभी असतानाचे आकडे पाहावेत.

चालकाशी यातील प्रत्येक गोष्ट आधी बोलावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, त्यामुळे कोणती माहिती गोळा होते, कशासाठी होते आणि ती कोण पाहते, हे एका पानावर साध्या मराठीत, आणि चालक परप्रांतीय असेल तर हिंदीत, लिहून द्यावे. केबिनमधील कॅमेऱ्याविषयी तर हे विशेष खरे आहे, कारण लांब पल्ल्याच्या चालकासाठी केबिन हेच झोपण्याचे ठिकाणही असते. गाडी उभी असताना कॅमेरा बंद राहील अशी तजवीज करावी. जो मालक या नोंदींचा उपयोग केवळ पगारकपातीसाठी करतो त्याच्याकडची चांगली माणसे शेजारच्या मालकाकडे जातात. त्याच नोंदींवरून हॉल्टिंगची रक्कम वसूल झाली आणि तिचा वाटा चालकाला मिळाला, तर फाटकावरचे छायाचित्र न मागता येऊ लागते.

शहरातील वाटप

एका गाडीला दहा ठिकाणी माल द्यायचा असेल तर ती ठिकाणे घेण्याचे ३६,२८,८०० क्रम संभवतात. यांतून चांगला क्रम शोधण्याचा प्रश्न डँटझिग आणि रॅमसर यांनी १९५९ मध्ये पेट्रोल वाटणाऱ्या टँकरच्या संदर्भात मांडला होता, आणि आजचे मार्ग-नियोजनाचे सॉफ्टवेअर त्याच प्रश्नाची व्यवहार्य उत्तरे क्षणात देते. तरीही पुण्यात ते जसेच्या तसे वापरता येत नाही. पेठांमधला रस्ता छोटा हत्ती जाईल एवढा आहे की नाही, पी-१ आणि पी-२ च्या (सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या) पाट्यांनुसार आज गाडी कोणत्या बाजूला लागेल, दुकान दुपारी बंद असते का, आणि शहराच्या कोणत्या रस्त्यावर जड वाहनांना कोणत्या वेळी बंदी आहे, हे आपण सांगितल्याशिवाय त्याला ठाऊक नसते. मोबाइलवरील सर्वसाधारण नकाशे मोटारी आणि दुचाकींचा विचार करून वाट दाखवतात, ट्रकची उंची आणि वजन ते पाहत नाहीत.

म्हणून सॉफ्टवेअर घेण्याच्या आधी पत्त्यांची वही तयार करावी. ‘मारुतीच्या देवळामागे, जुन्या पिठाच्या गिरणीशेजारी’ असा पत्ता चालकाला पुरतो, संगणकाला पुरत नाही. पहिल्यांदा माल देताना चालकाने दारात उभे राहून मोबाइलवर ठिकाण नोंदवावे आणि त्यापुढे गाडीचा आकार, चालणारी वेळ व उतरवून घेणाऱ्याचा क्रमांक लिहावा. टपाल विभागाने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा दहा अक्षर-अंकी संकेत सुमारे चार मीटर बाजूच्या चौकोनापर्यंत ठिकाण दाखवतो आणि त्याचा उपयोग या वहीत करता येतो. मात्र अनेक मजल्यांच्या गृहसंकुलात तो इमारतीशी नेऊन सोडतो, दारापर्यंत नेत नाही. ही वही झाली की नियोजनाचे साधे सॉफ्टवेअरही उत्तम चालते, आणि ती नसेल तर महागडेही चुकते. संगणकाने दिलेला क्रम जुन्या चालकाला दाखवून त्याने बदल सुचवल्यास त्याचे कारण विचारून वहीत नोंदवावे. काही आठवड्यांत असे बदल कमी होऊ लागतात.

विजेवरच्या तीनचाकी आणि लहान चारचाकी गाड्या या वाटपासाठी चांगल्या ठरतात, कारण रोजचे अंतर ठरलेले असते आणि रात्री गाडी एकाच जागी परत येते. गोदामाच्या जागामालकाने चार्जिंगसाठी वाढीव वीजभार मंजूर करून घेतला आहे का, हे गाडी नोंदवण्यापूर्वी पाहावे. ड्रोनचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. ड्रोन नियम २०२१ मध्ये आले, पण लोहगावचा हवाई तळ आणि इतर संरक्षण आस्थापना यांमुळे शहराचा मोठा भाग निर्बंधांच्या छायेत आहे.

गोदाम: आधी जागेला क्रमांक, मग मालाला, मग यंत्र

गोदामात पहिले काम रंगाच्या डब्याने होते. प्रत्येक ओळीला, रॅकला आणि कप्प्याला क्रमांक द्यावा आणि तो लांबून दिसेल असा रंगवावा. ज्या गोदामात ‘तो माल कुठे आहे ते मुकादमाला माहीत आहे’ अशी स्थिती असते तेथे कोणतीही संगणक-प्रणाली यशस्वी होत नाही, आणि मुकादम रजेवर गेला की गोदाम बंद पडते ते वेगळेच.

त्यानंतर मालाला लेबल. वाहनउद्योगाचे सुटे भाग सांभाळणाऱ्यांनी क्यूआर संकेत निवडावा. तो मुळात १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठीच तयार केला, थोडा फाटला किंवा तेलाने माखला तरी बहुधा वाचता येतो, आणि त्यात भागाचा क्रमांक, नग व लॉट एकत्र मावतात. ग्राहकाच्या लेबलचा नमुना आधीच ठरलेला असेल तर आपले वेगळे लेबल लावण्याचा मोह टाळावा, नाहीतर फाटकावर चुकीचे लेबल वाचले जाते. दर लेबलला चार-पाच सेकंद वाचवणारा चांगला स्कॅनर घ्यावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर दिवसभर काम करवून घेतले तर माणसे आठवड्याभरात हाताने आकडे टाकू लागतात. वर्षातून एकदा सर्व माल मोजण्याऐवजी रोज थोडे कप्पे मोजण्याची पद्धत ठेवावी, आणि सर्वाधिक हालचाल होणारा माल वारंवार मोजावा.

आरएफआयडीचे आकर्षण अनेकांना असते, कारण दारातून पॅलेट गेले की सर्व खोकी एकदम वाचली जातात. भोसरी-चाकणच्या मालाला त्यात एक मूलभूत अडचण आहे: धातू टॅगच्या रेडिओ लहरी परावर्तित करतो आणि तेलासारख्या द्रवांनीही वाचन बिघडते. धातूवर चालणारे खास टॅग मिळतात, पण ते महाग असतात. त्यामुळे एकदाच जाणाऱ्या खोक्यांवर खर्च करण्यापेक्षा कारखाना आणि गोदाम यांच्यामध्ये फिरत राहणाऱ्या प्लास्टिकच्या क्रेट आणि ट्रॉल्यांना टॅग लावावेत. हरवणाऱ्या क्रेटची किंमत ज्यांनी भरली आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

यंत्रांकडे वळताना हिशेब साध्या आकड्यांत मांडावा. समजा गाडीत माल चढवणारा पट्टावाहक बसवण्यासह ६ लाख रुपयांना पडतो आणि त्यामुळे एक गाडी रोज तीन तास आधी मोकळी होऊन आणखी एक स्थानिक फेरी करते. त्या फेरीतून खर्च वजा जाता १,२०० रुपये उरत असतील तर २५ दिवसांच्या महिन्याला ३०,००० रुपये होतात आणि किंमत २० महिन्यांत वसूल होते. आता तेच तीन तास दोन गाड्यांचे दीड-दीड तास म्हणून वाचत असतील, तर एकही नवी फेरी होत नाही आणि हा सारा हिशेब कोसळतो. विक्रेत्याच्या सादरीकरणात वाचलेले तास नेहमी बेरजेत दिलेले असतात. ते गाडीनिहाय मागून घ्यावेत. याशिवाय गोदामाचा भाडेकरार यंत्राची किंमत वसूल होण्याआधी संपत नाही ना, हेही पाहावे. वाघोली-लोणीकंदच्या पट्ट्यात जागा बदलण्याची वेळ अचानक येते, आणि जमिनीत ठोकून बसवलेली यंत्रे सहज हलत नाहीत. स्वतःहून फिरणाऱ्या यंत्रमानवांना तर सपाट, भेगा नसलेली फरशी आणि अखंड वीज लागते. साध्या पत्र्याच्या शेडमध्ये या दोन्हींवरचा खर्च यंत्राच्या किमतीत मिळवल्याशिवाय खरा आकडा निघत नाही.

हमालांचा प्रश्न यंत्र आल्यावर सोडवायचा नसतो, यंत्र मागवण्याआधी सोडवायचा असतो. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आहे, त्यानुसार मंडळाकडे नोंदणी आणि मजुरीवर लेव्ही (मालकाने मंडळाकडे भरायची जादा रक्कम) असते, आणि डॉ. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीमुळे पुण्यात या कामगारांना संघटनेची दीर्घ परंपरा आहे. पट्टावाहक किंवा बॅटरीवरचा स्टॅकर (माल उंच उचलणारे यंत्र) आल्यावर नगामागची हमाली कशी ठरेल, टोळीत किती माणसे राहतील आणि यंत्र कोण चालवेल, हे टोळीच्या मुकादमाशी बोलून आधीच लिहून ठेवावे. ओझे उचलण्याचे काम यंत्राकडे आणि माल नीट रचण्याचे काम माणसाकडे अशी विभागणी केली तर विरोध कमी होतो, आणि गाडीत माल रचण्याच्या कामात अनुभवी हमालाची सर अजून कोणत्याही परवडणाऱ्या यंत्राला आलेली नाही.

करार करताना

कोणतीही प्रणाली घेताना ती प्रथम एका मार्गावर आणि दोन-तीन गाड्यांवर चालवून पाहावी, आणि तो मार्ग मुद्दाम कटकटीचा निवडावा. सुरळीत मार्गावर सगळेच चालते. चाचणीच्या काळात जुनी कागदी पद्धत चालू ठेवावी, पण ती कोणत्या तारखेला बंद होईल हे आधीच जाहीर करावे, नाहीतर दोन्हींचे ओझे कार्यालयातील एकाच माणसावर वर्षभर पडते. त्या माणसाला रोजच्या कामातून दिवसाचा निदान एक तास यासाठी मोकळा द्यावा. तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास मिळणारी सवलत पहिल्या वर्षी घेऊ नये. सेवा बंद केल्यास सर्व बिल्ट्या, पावत्या आणि फेऱ्यांच्या नोंदी किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे करारात लिहून घ्यावे, आणि चाचणीचा महिना संपण्याच्या आत त्या नोंदी एकदा प्रत्यक्ष मागून, आपल्या स्प्रेडशीटमध्ये उघडून पाहाव्यात. त्या उघडल्या नाहीत तर दुसऱ्या गाडीत उपकरण बसवू नये.